आबांना दहापैकी आठ

१. निकाल

निकाल फार चांगला लागला, म्हणूनच चोरी उघडकीला आली.

औरादचे आडते श्रीपतराव यांचे वडील निवृत्ती पैलवान यांना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांना दहापैकी आठ गुण पडले ते मात्र गेल्या शुक्रवारी. हे कसं, ते आधी सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की वर गेल्यावरही परीक्षा सुटत नाहीत.

निजामाच्या राज्यात हैदराबादेत बिस्किटांची एक कंपनी होती. तिच्या प्रत्येक डब्यात काड्यापेटीपेक्षा जरा मोठं एक कार्ड निघे आणि कार्डावर एका पैलवानाचा फोटो असे. मालिकेचं नाव ‘दख्खनचे मल्ल’, एकूण चोवीस. पोरांनी चोवीस मल्ल जमवावेत म्हणून बापांनी निदान चोवीस डबे घ्यावेत, असा कंपनीचा विचार. पुढे कंपनी बुडाली, बिस्किटं संपली, कार्डं तेवढी राहिली. त्यांतलं अकरा नंबरचं कार्ड निवृत्ती पैलवानांचं. दृष्ट लागते म्हणून त्यांनी जन्मात दुसरा फोटो काढू दिला नाही. त्यामुळे मागे उरला तो एवढाच, अडीच इंचांचा पैलवान.

श्रीपतरावांच्या पत्नी सत्यभामाबाई यांनी सासऱ्यांच्या पश्चात ते कार्ड देवघरात ठेवलं. गेलेल्या माणसाचा फोटो देवघरात ठेवू नये, असं गुरुजींनी सुचवून पाहिलं. हा फोटो न्हाई, बिस्किटाचं कार्ड हाय, असं उत्तर मिळाल्यावर गुरुजींकडे शास्त्र उरलं नाही. तेव्हापासून दर नागपंचमीला कार्डाला हळदकुंकू लागत आलं.

सत्यभामाबाईंचा भाचा माउली बिदरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्याला जुनी कार्डं जमवायचा नाद. त्यानंच घरात सांगितलं की अशा कार्डांची आता रीतसर तपासणी होते. बंगळूरला जाणकार लोक बसलेत. चित्र मधोमध छापलंय का, चारी कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्यात का, वर डाग आहेत का, हे भिंगाखाली बघतात आणि दहापैकी गुण देतात. मग कार्ड टणक पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात, वर गुणांची चिठ्ठी लावतात. त्यानंतर म्हातारपण नाही. माणसांसाठी ही सोय अजून निघालेली नाही.

दीड महिन्यापूर्वी कार्ड बंगळूरला गेलं. शुक्रवारी डबीत बसून परत आलं. आठ! श्रीपतरावांनी आडत बाजारात पेढे वाटले. सत्यभामाबाईंनी डबी हातात घेतली, उजेडाला धरली, पदरानं पुसून पुन्हा धरली, आणि तोंडात जाऊ घातलेला पेढा खाली ठेवला.

‘‘हे मामंजी न्हाईत,’’ त्या म्हणाल्या.

२. सुमतीबाई

शनिवारी सकाळी सत्यभामाबाई शेजारच्या सुमतीबाईंकडे आल्या.

सुमतीबाई बिदरच्या हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांतले तीस उन्हाळे त्यांनी दहावीचे पेपर तपासण्यात घातले. कमी मार्कांनी कुणी पकडलं जात नाही, जास्तीच्या मार्कांनी जातं, हे त्यांचं या जगाविषयीचं एकमेव मत होतं आणि ते बदलायची वेळ अजून आलेली नव्हती. लाल पेन अजूनही पर्समध्ये असे. भाजीवाल्याची पाटी चुकली तरी ते बाहेर निघे.

सत्यभामाबाईंची तक्रार अगदी मुद्देसूद होती. मामंजींच्या कार्डाचा खालचा उजवा कोपरा उंदरानं खाल्लेला. डबीतल्या कार्डाला चारी कोपरे. मामंजींच्या छातीवर समईच्या तेलाचा डाग; डबीतली छाती कोरडी. आणि कपाळ!

‘‘तीस वरसं हळदकुंकू लावून मामंजींचं कपाळच दिसंना झालतं बाई. ह्याला कपाळ हाय.’’

बंगळूरच्या लोकांनी धुऊन स्वच्छ केलं असेल, असं श्रीपतरावांचं म्हणणं होतं. ते सांगताना त्यांचा हात बंडीच्या छातीवरच्या खिशावर होता. महिना-दीड महिना झाला, त्यांना ही नवीनच सवय लागली होती. सत्यभामाबाईंनी घाबरून त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरपुढं बंडी काढायलाच तयार होईनात. मी धडधाकट हाय, वरूनच तपासा, म्हणाले. डॉक्टरांनी वरूनच तपासलं आणि वरवरच्या गोळ्या दिल्या.

सुमतीबाईंनी माउलीला फोन लावला. धुतलेल्या कार्डाला गुण मिळतात का? माउली म्हणाला, छे. धुतलं, कापलं, रंगवलं, काही केलं की ‘फेरफार’ असा शेरा मारून नापास करतात. एक गुणसुद्धा नाही.

म्हणजे धुतलेलं नव्हतं. म्हणजे कार्डच दुसरं होतं. ते खोटं म्हणावं, तर भिंगवाल्यांनी खरं ठरवून आठ दिलेले. देवघरातलं कार्ड घरातून निघालं, आणि बंगळूरला भलतंच कार्ड परीक्षेला बसलं.

जाताजाता सत्यभामाबाईंनी उरलेलं सांगितलं. मंगळवारी नागपंचमी. सासऱ्यांनी मरताना हात धरून सांगितलेलं, पोरी, पंचमी म्हणजे तालमीच्या पूजेचा दिवस, मला त्याची आठवण करून देत जा. तीस वर्षांत तो शब्द एकदाही मोडला नव्हता. मंगळवारपर्यंत मामंजी घरी आले नाहीत तर त्या ठाण्यात जाऊन नाव देणार होत्या.

‘‘कुणाचं नाव?’’

सत्यभामाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘‘माउलीचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्याच भावाचा ल्योक. पर कार्डाचं वेड दुसऱ्या कुणाला हाय?’’

३. फ्रेमवाला

एखादी उत्तरपत्रिका बदलली गेली, तर ती कुणाकुणाच्या हातून गेली हे आधी बघायचं असतं. सुमतीबाईंनी तेच सुरू केलं.

ज्या सकाळी कार्ड निघालं, त्या सकाळचा घरातला सोहळा सत्यभामाबाईंनी तपशिलानं सांगितला होता. परीक्षेला जाणाऱ्याला करतात ते सगळं मामंजींना केलं. ओलं हळदकुंकू लावलं, समोर वाटीत दहीसाखर ठेवली, ‘शांत चित्तानं सोडवा’ एवढंच म्हणायचं राहिलं. मग श्रीपतरावांनी कार्ड स्वच्छ रुमालात गुंडाळलं आणि बंडेप्पाच्या दुकानात नेऊन दिलं.

बंडेप्पा बाजारात तसबिरी मढवतो. देव, पुढारी आणि दहावा-बारावा हे त्याचे तीन हंगाम. बंगळूरच्या प्रवासासाठी कार्ड दोन जाड पुठ्ठ्यांत बांधून द्यायचं काम माउलीनं त्याला सांगितलं होतं; तिथून पुढे ते माउलीच घेऊन गेला. सुमतीबाईंनी विषय काढला तेव्हा तो एका वजनदार मंत्र्याला काचेखाली बसवत होता आणि मंत्री मावत नव्हते.

‘‘अक्का, मी तर नुसतं बांधून दिलो. पोष्टमन पत्र वाचतो का?’’

पण यानं वाचलं असणारच. सुमतीबाईंनी थोडं थांबायचं ठरवलं. वर्गात प्रश्न विचारून गप्प बसलं की शेवटी सगळ्यांत घाबरलेला मुलगा बोलतो. बंडेप्पानं मंत्री बाजूला ठेवले आणि सांगितलं की कार्ड लई झकास होतं. इतकं जुनं आणि इतकं कोरं त्यानं पाहिलं नव्हतं. फुंकरसुद्धा मारावी लागली नाही. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत होतं, तसंच पुठ्ठ्यात घातलं.

‘‘पिशवीत? रुमालात नव्हतं?’’

‘‘न्हाई. बारकी पिशवी. कार्डाच्याच मापाची.’’

‘‘आणि कुंकू किती होतं? ओलं होतं ना, पिशवीला लागलं असेल.’’

बंडेप्पानं हातातला ब्रश डिंकाच्या डब्यात सोडला.

‘‘कुंकू?’’ तो म्हणाला. ‘‘कसलं कुंकू, अक्का?’’

४. संशयिताची गाडी

रविवारी कलबुर्गीला जायचं ठरलं. तिथं वीरण्णा राहतात. चोवीसच्या चोवीस मल्ल असलेला दोन जिल्ह्यांतला तो एकच माणूस. दुसरं अकरा नंबरचं कार्ड कुठून आलं हे कळायचं तर तिथंच कळलं असतं. गाडी माउलीची. संशयितानंच तपासणी अधिकाऱ्याला नेण्याआणण्याची ही पद्धत सुमतीबाईंना नवीन नव्हती. पेपर तपासणीच्या कॅम्पला संस्थाचालकांच्या जिपा येत.

बिदर मागे पडल्यावर माउली आपणहून बोलायला लागला. आत्यानं काल त्याला चहा कपबशीतून दिला होता. लहानपणापासून त्या घरात तो कान तुटलेल्या पितळी पेल्यातून चहा प्यायचा. काल पाहुण्यांची कपबशी आली, खाली ताटली, ताटलीत दोन बिस्किटं. बिस्किटं त्यानं तशीच ठेवली.

‘‘बाई, मला सांगा, झिजलेलं कार्ड चोरून कोरं कार्ड कोण ठेवंल? मी नादिष्ट हाय, येडा न्हाई.’’

तेच तर सुमतीबाईंना शनिवारपासून खुपत होतं. चोर कमी ठेवतो आणि जास्त नेतो. या चोरानं जास्त ठेवून कमी नेलं होतं. जुनी चप्पल उचलून तिच्या जागी नवीकोरी ठेवून जाणाऱ्याला चोर म्हणायचं का, हाही एक प्रश्नच.

त्यांनी पिशवीचं विचारलं. कार्डाच्या मापाची पातळ पिशवी तू दिली होतीस? माउलीनं मान हलवली. मामांना, म्हणजे श्रीपतरावांना, फक्त रुमालात आणा म्हटलं होतं. पिशवी तो स्वतः बंगळूरला घालणार होता. पण पुठ्ठा उघडला तर कार्ड पिशवीतच, म्हणून बंडेप्पाचं कौतुक वाटलं. औरादला तसल्या पिशव्या मिळत नाहीत. कार्डं जमवणारेच त्या बाहेरून मागवतात.

‘‘आणि कार्ड कोरं होतं, ते तुझ्या लक्षात आलं नाही?’’

‘‘देवघरातलं जवळून कधी बघितलंच न्हाई. आत्या हात लावू देती व्हय? मोबाइलवर फोटो घेतला तो बी उंबऱ्याबाहेरून. त्यात समईच जास्त आली.’’

‘‘तो फोटो आणखी कुणाला दाखवलास?’’

‘‘मामांना दिला. त्येंनी पुढं वीरण्णांना पाठवला,’’ माउली म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटून त्यानं गाडीचा वेग कमी केला.

५. वीरण्णांची आमटी

वीरण्णा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. ‘कूतकोरी टीचर, कूतकोरी,’ म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. समोरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या उंचीला, एक प्लास्टिकची डबी टांगलेली. आत त्यांचे आजोबा कल्लप्पा पैलवान, नंबर बारा, गुण सात.

या दोन पैलवानांची एक कुस्ती या भागात अजून संपलेली नाही. बिदरच्या मैदानात ते पाऊण तास लढले, कुणी चित होईना, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. पैलवान एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जिलेबी खायला गेले. भांडण तेव्हापासून घरच्यांनी चालवलंय.

वीरण्णांनी कौतुकानं वही आणली. प्रत्येक पानावर प्लास्टिकचे खण, खणात कार्ड, प्रत्येक कार्डाला वर आणखी एक पातळ पिशवी. बाराचा खण रिकामा, कारण आजोबा भिंतीवर. अकराच्या खणात निवृत्ती पैलवान होते. पण त्या खणाचं प्लास्टिक शेजारच्या खणांपेक्षा सैल होतं, दोन कार्डं बरीच वर्षं राहिल्यासारखं.

अकरा नंबरची दोन होती का, असं सुमतीबाईंनी सहज विचारलं. वीरण्णा म्हणाले, होती. एक दिलं. कुणाला, ते सांगता येणार नाही, शब्द दिलाय. भूमापन खात्यात राहूनही शब्द पाळणारा माणूस बघून सुमतीबाईंना त्यांच्याविषयी आदर वाटला. तेवढ्यात माउलीनं सांगून टाकलं की निवृत्ती पैलवानांना आठ पडले.

वीरण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंतीवरच्या आजोबांकडे पाहिलं.

‘‘आठ? नक्की आठ? मला वाटलं सहा पडतील,’’ ते म्हणाले, आणि वही मिटली.

जेवायला थांबावंच लागलं. वीरण्णांच्या पत्नी मल्लेश्वरी यांनी ज्वारीची भाकरी, वांगं आणि आमटी वाढली. आमटी अशी की सुमतीबाईंनी दुसऱ्यांदा मागितली, आणि कलबुर्गीची तूर ती कलबुर्गीचीच, असं पोटापासून म्हणाल्या.

मल्लेश्वरी हसल्या. ‘‘ही तूर औरादची, टीचर. यांनीच आणवली. पाच पोती. मी म्हटलं, आपल्या गावात तूर कमी पडली का? तर म्हणतात, गप, खा.’’

वीरण्णांना ठसका लागला. पडवीतून हात धुवायला जाताना सुमतीबाईंनी पोती पाहून घेतली. तोंडाशी लाल शिक्का होता. औरादच्या बाजारात तो त्यांनी हजारदा पाहिलेला.

परतताना त्यांनी हळदीची पुडी घेतली.

‘‘माउली, तुझ्या मामांच्या दुकानात नोटा तपासायचा तो जांभळा दिवा अजून चालतो का रे?’’

६. जांभळा दिवा

सोमवारी दुपारी आडतीचा सौदा उरकल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. आत पाच माणसं. गादीवर श्रीपतराव, छातीवर हात. पोत्यावर सत्यभामाबाई. दाराशी बंडेप्पा आणि माउली, एकमेकांपासून अंतर राखून, कारण दोघांनाही दुसऱ्यानंच केलं असेल असं मनापासून वाटत होतं.

सुमतीबाईंनी कोऱ्या कागदाच्या एका तुकड्यावर हळदीचं बोट उठवलं, ते पुसून टाकलं आणि तुकडा दिव्याखाली धरला. खोटी नोट ओळखायचा हा दिवा प्रत्येक आडत्याकडे असतो. कागद निळसर उजळला आणि पुसलेल्या जागी पिवळट हिरवा ठिपका चमकायला लागला.

‘‘हळद पुसली तरी जात नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या दिव्याला ती दिसते.’’

मग डबी धरली. निवृत्ती पैलवान काळोखातच राहिले. कपाळावर काही नाही, कडेला काही नाही. या कार्डाला जन्मात कधी हळद लागली नव्हती. सत्यभामाबाईंनी दीड महिन्यापूर्वी ज्याला दहीसाखर दाखवली, तो हा नव्हे.

आता सुमतीबाई शिकवायच्या सुरात गेल्या. फळा नव्हता, एवढंच.

‘‘कार्ड घरातून निघालं तेव्हा त्याला ओलं हळदकुंकू होतं. बंडेप्पाच्या हातात आलं तेव्हा कोरं होतं, पिशवीत होतं. बंडेप्पा खोटं बोलत असेल असं मला आधी वाटलं. पण ती पिशवी माउलीनंही बंगळूरला पाहिली, आणि तसली पिशवी बंडेप्पाकडे येणार कुठून? ती वीरण्णांच्या वहीतली. वीरण्णांकडे अकरा नंबरची दोन कार्डं होती. एक त्यांनी दिलं. बदल्यात पाच पोती तूर घेतली. कलबुर्गीत राहणारा माणूस औरादहून तूर आणतो, हे गणित मला सुटेना. मग पोत्यावरचा शिक्का बघितला.’’

माउलीनं मामांकडे पाहिलं. श्रीपतराव पंख्याकडे बघत होते.

‘‘माझ्या तीस वर्षांत मी सतरा डमी पकडले,’’ सुमतीबाई म्हणाल्या. ‘‘दुसऱ्याच्या जागी परीक्षेला बसलेले. हुशार पोरं असतात बिचारी. एकही आपणहून आला नव्हता. त्याला आणून बसवणारा पालकच असतो. आणि निकालादिवशी पेढेही तोच वाटतो.’’

सत्यभामाबाई उठल्या. त्यांनी दिवा सुमतीबाईंच्या हातातून घेतला आणि नवऱ्याच्या छातीसमोर धरला. साबणपावडरीत धुतलेली बंडी चांदण्यासारखी पांढरी उजळली. खिशावर मात्र, हात सारखा ठेवायच्या जागी, पिवळट हिरवा डाग पेटला होता.

‘‘काढा,’’ त्या म्हणाल्या.

७. खिशातले पैलवान

रुमालाच्या चार घड्या उलगडल्यावर मामंजी दिसले. तीन कोपरे, तेलकट छाती, कपाळावर कुंकवाची जुनी साय.

वडिलांची, म्हणजे आबांची, गोष्ट निघाली की साठी उलटलेले श्रीपतराव शाळेतले होत. वीरण्णाचा फोन आला होता, ते म्हणाले. आज्याला सात पडले म्हणून सांगायला. मग त्यानं आबांचा फोटो मागितला आणि बघून म्हणाला, दीड पडंल, लई झालं तर दोन.

‘‘बाई, आबा जन्मात कुणापुढं पाठीला माती लावून उठले न्हाईत. पाऊण तास लढून सोडवलेली कुस्ती ती. आन् आता कागदावर मी त्येन्ला चित करू व्हय? ते बी वीरण्णाच्या आज्यापुढं?’’

‘‘मग वीरण्णांनीच दुसरं कार्ड कसं दिलं?’’

‘‘म्या गेलो त्येच्याकडं. रडलो. त्येला बी वाईट वाटलं. आपल्या आज्याच्या जोडीचा गडी हाय म्हणाला. पर सहाच्या वर जाणार न्हाई ह्याची खातरी करून मंगच दिलं त्यानं.’’

ठरलं होतं असं की डबी आली की ती देवघरात ठेवायची आणि जुनं कार्ड गुपचूप पोथीत सरकवायचं. पण डबी आल्याआल्या सत्यभामाबाईंनी ओळखलं. आता जुनं बाहेर काढावं तर दोन आबा होतात. आणि डबी येईपर्यंत तरी जुनं ठेवायचं कुठं? घरात ठेवावं तर सापडतं. दुकानात उंदीर, एक कोपरा आधीच गेलेला. राहिला खिसा. दीड महिना आबा श्रीपतरावांबरोबर सौद्याला बसले, दवाखान्यात गेले, लग्नाच्या तीन पंगती जेवले.

‘‘आन् मी माउलीचं नाव ठाण्यात देणार हे ऐकून बी गप बसलाव?’’

श्रीपतरावांनी मान खाली घातली. आज सकाळी सांगणारच होतो, ते म्हणाले. काल बी सांगणार होतो.

सत्यभामाबाईंनी कार्ड तळहातावर घेतलं. रागवायची सगळी तयारी त्यांच्या चेहऱ्यावर होती, फक्त सुरुवात कुठून करावी ते ठरत नव्हतं.

‘‘जेवताना बी खिशातच होते व्हय मामंजी?’’

‘‘व्हय.’’

‘‘मंग बरं झालं. माझ्या हातचं काय खाताव आन् बाहेर जाऊन काय नावं ठेवताव, ते ऐकलं असंल त्येंनी.’’

त्या तशाच घरी निघाल्या. शटरखालून वाकताना थांबल्या आणि मागे न बघता भाच्याला म्हणाल्या, चहा प्यायला ये. माउली गेला. चहा पितळी पेल्यातून आला, कान तुटलेल्या. तो दोनदा प्याला.

मंगळवारी पंचमी झाली. देवघरात मामंजी आपल्या जागी, कपाळावर ताजं हळदकुंकू. डबीतला बी मामंजीच की, म्हणून सत्यभामाबाईंनी त्यालाही बोट लावून पाहिलं. प्लास्टिकवर कुंकू ठरेना, घसरून खाली आलं. त्यांनी डबी पुसली आणि नवऱ्याला परत दिली.

माउलीला राहवलं नाही. आता खरं कार्ड एकदा बंगळूरला पाठवून बघू का आत्या, त्यानं विचारलं. पडतील तेवढे पडतील.

‘‘नको,’’ सत्यभामाबाई म्हणाल्या. ‘‘परीक्षेला बसायचं वय गेलं त्येंचं.’’

श्रीपतरावांनी सुमतीबाईंकडे आशेनं पाहिलं. बाई, तुम्ही तरी अंदाजे सांगा, किती पडले असते. सुमतीबाईंनी चष्मा वर करून देवघरातल्या कार्डाकडे नीट पाहिलं. कोपरे तीन, डाग मोजण्यापलीकडे, कपाळ शून्य. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. मग टोपण लावून परत ठेवलं. औरादमध्ये हे प्रथमच घडलं.

डबी आता आडतीच्या गादीवर असते, वाऱ्यानं पावत्या उडू नयेत म्हणून. वजन बरोबर आहे, त्या कामाला दहापैकी दहा. वीरण्णा दर आठवड्याला फोन करून आठाचे सात होण्याची काही सोय आहे का ते विचारतात. आणि नवा शेतकरी दुकानात आला, डबी उचलून हे कोण म्हणून विचारायला लागला, की श्रीपतराव रिकाम्या खिशावरचा हात काढतात आणि सांगतात, ‘‘हा आमच्या आबांचा डमी. आबा घरी हायत.’’